लोगो स्क्रीनवर झकास आणि टॉवेलवर गिचमीड, दरवेळी असं का होतं आणि ते कसं दुरुस्त करायचं

सोलापुरात लोगोचं काम करायला लागल्यापासून एकच तक्रार फिरून फिरून माझ्याकडे येते. लॅपटॉपवर लोगो मस्त दिसत होता, घरच्या ग्रुपवर टाकला तर सगळ्यांनी अंगठे दिले, आणि टॉवेलच्या कोपऱ्यात भरतकाम होऊन आला तर नुसता दोऱ्याचा गोळा. टॉवेल असो, शाळेच्या युनिफॉर्मचा खिसा असो, रबरी शिक्का असो नाहीतर बिलाचं मशीन, गोष्ट तीच. मग मालक भरतकामवाल्याला बोलतो, भरतकामवाला डिझाईनवाल्याला बोलतो आणि डिझाईनवाला म्हणतो माझ्या फाइलमध्ये तर सगळं बरोबर आहे. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, त्यामुळे भांडण मिटतं पण प्रॉब्लेम सुटत नाही, पुढच्या लोगोला परत तेच.

इतकी वर्षं हे बघून माझं ठाम मत झालंय की चूक शेवटी होत नाही, पहिल्या अर्ध्या तासातच होते. ग्रिडचं, म्हणजे लोगो ज्या चौकोनी जाळीवर आखायचा तिचं, घर केवढं धरायचं हे आपण स्क्रीनवरून ठरवतो, किंवा ठरवतच नाही, लोगो काढून झाल्यावर त्याच्यावर गोल आणि रेघा टाकून ग्रिडवर बनवलाय असं दाखवतो. घर ठरवायचं ते मालावरून. लोगो ज्या वस्तूवर सगळ्यात लहान जाणार आहे आणि सगळ्यात ढोबळ निघणार आहे, ती वस्तू आधी टेबलावर आणून ठेवायची, मग कागदावर पहिली रेघ मारायची. (घर म्हणजे ग्राफपेपरवरचा एक चौकोन, पुढे सगळीकडे हाच शब्द वापरते.)

आता एक खरं उदाहरण घेते म्हणजे नुसतं बोलणं राहणार नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेलवाले आहेत, त्यांचा जुना लोगो असा होता: उगवता सूर्य, त्याला २४ किरणं, खाली दोऱ्याची रीळ, रिळातून निघालेले सात लाटदार धागे, आणि त्याखाली बारीक अक्षरात नाव. स्क्रीनवर खरंच देखणा होता, मी खोटं बोलणार नाही. टॉवेलच्या कोपऱ्यावर ३० मिमी रुंदीत भरायचा होता. पहिला नमुना घेऊन मालक आले आणि म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटरवर किती भारी होतं, इथं बघा की काय झालंय, सूर्य कुठला अन् रीळ कुठली कळंना." मी नमुना हातात घेतला तर किरणांच्या जागी एक जाड पिवळी थाळी आणि सात धाग्यांच्या जागी एक निळी पट्टी.

अशा वेळी सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे मोजणं, आणि हे काम दहा मिनिटांचंसुद्धा नाही. कोरलमध्ये किंवा डिझाईनचं जे काय सॉफ्टवेअर वापरता त्यात लोगोतली सगळ्यात बारीक रेघ शोधा आणि दोन रेघांमधली सगळ्यात बारीक फट शोधा, दोन्ही मोजा, लोगोच्या पूर्ण रुंदीने भागा आणि प्रत्यक्ष मालावर जी रुंदी येणार आहे तिने गुणा. त्या सूर्याची किरणं पूर्ण रुंदीच्या साधारण नव्वदावा भाग होती. ३० भागिले ९० म्हणजे ०.३३ मिमी. भरतकामाचा नेहमीचा ४० नंबरचा दोरा स्वतःच कापडावर साधारण ०.४ मिमी जागा घेतो. म्हणजे किरण दोऱ्यापेक्षा बारीक होतं, मग पंचिंगवाला, म्हणजे डिझाईनची मशीनच्या टाक्यांची फाइल करून देणारा, कितीही हुशार असला तरी काय करणार. किरणांमधल्या फटीचं तर विचारूच नका, ती टेरीच्या (टॉवेलच्या फुगीर कापडाच्या) लुपांनीच खाऊन टाकली.

पंचिंगवाल्या दादांनी तेव्हा एक गोष्ट शिकवली ती मी आजपर्यंत सोडली नाही. म्हणाले, "ताई, रेघ बारीक असली तर मी थोडी जाड करून देतो, पण फट बारीक असली की माझ्या हातात काहीच राहत नाही, फट मोठी करायची तर रेघ खावी लागते." आपण डिझाईन करणारे सगळं लक्ष रेघेकडे देतो, फटीकडे बघतच नाही, आणि लोगो मरतो तो नेहमी फटीत. शिक्क्यात शाई पसरते ती फटीत, कापडात धागा फुगतो तो फटीत, थर्मल बिलावर उष्णतेने काळं पसरतं तेही फटीत. त्यामुळे ग्रिड आखताना मी आता फट आधी धरते आणि रेघ नंतर.

हिशोब सोपा आहे. समजा तुमचं चिन्ह २० घरं रुंद आहे आणि सगळ्यात बारीक फट १ घराची आहे. साध्या कापडावर भरतकामात निदान १ मिमी फट लागते असं धरा, तर १ घर म्हणजे १ मिमी, म्हणजे चिन्ह २० मिमीपेक्षा लहान भरता येणार नाही. तीच फट २ घरांची केली तर १ घर अर्ध्या मिमीचं चालतं आणि चिन्ह १० मिमीपर्यंत खाली जातं. नुसत्या एका घराच्या फरकाने लोगो निम्म्या आकारापर्यंत उतरतो. हे मी क्लायंटसमोर कागदावर करून दाखवते, कारण "साधा ठेवा, साधा ठेवा" असं नुसतं सांगितलं की त्यांना वाटतं बाई पैसे घेऊन कमी काम करतीय, पण हिशोब दाखवला की ते स्वतःच किरणं कमी करायला सांगतात.

त्या टॉवेलवाल्यांना मग नवीन काय केलं ते सविस्तर सांगते, कारण घरं मोजताना नेमकं काय होतं ते इथेच कळेल. सूर्य, रीळ सगळं बाजूला ठेवलं आणि विणीवरच आलो, तीन उभ्या पट्ट्या आणि तीन आडव्या, एकमेकींच्या वरून खालून गेलेल्या, साधी वीण. पट्टी ४ घरं जाड, दोन पट्ट्यांमध्ये ४ घरं अंतर, म्हणजे ४ गुणिले ३ बारा आणि मधली अंतरं ४ गुणिले २ आठ, एकूण २० घरं. चारी बाजूंनी २ घरं मोकळी, म्हणजे पूर्ण ग्राफ २४ बाय २४. जिथे उभी पट्टी आडवीच्या खालून जाते तिथे उभी तोडायची आणि दोन्ही बाजूंना फट सोडायची.

पहिल्यांदा मी ती फट १ घराची धरली होती आणि स्क्रीनवर ती जास्त सुंदर दिसत होती, घट्ट विणल्यासारखी. पण लेबलवर चिन्ह १५ मिमीचं जाणार होतं, म्हणजे एक घर ०.७५ मिमी, फट तेवढीच. नमुना काढला आणि वीण दिसेना, नुसती जाळी दिसायला लागली, सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. मग फट २ घरं केली. आता सगळ्यात वरची आडवी पट्टी फक्त ६व्या घरापासून १४व्या घरापर्यंत दिसते, कारण दोन्ही टोकांना ती उभ्या पट्ट्यांच्या खाली जाते. मधली आडवी ० ते ६ आणि १४ ते २० अशी दोन तुकड्यांत. असे सगळे मिळून ९ तुकडे झाले, काही ४ बाय ६ घरांचे आणि काही ४ बाय ८ चे, बास, या दोनच मापांत अख्खा लोगो. १५ मिमीला फट दीड मिमी आली, ३० मिमीला ३ मिमी, टेरीवरसुद्धा उघडी राहिली. डोळा तुटलेल्या पट्ट्या आपोआप जोडून घेतो आणि वीणच दिसते, हे मला पहिल्यांदा नमुन्यावर बघून खूप बरं वाटलं होतं.

टेरीबद्दल एक वेगळं सांगायलाच पाहिजे, कारण सोलापुरात निम्मं काम त्यावरच आहे. टेरीचे लूप दोऱ्याच्या मधून डोकं वर काढतात, त्यामुळे नीट काढलेला लोगोसुद्धा दोन धुण्यांनंतर खाल्ल्यासारखा दिसतो. भरतकाम करताना वरून पाण्यात विरघळणारी फिल्म टाकायला सांगा आणि खाली अंडरले (मुख्य टाक्याच्या आधी घालायचे आधाराचे टाके) नीट द्यायला सांगा, म्हणजे लूप दबलेले राहतात. शक्य असेल तर लोगो टेरीवर न घेता टॉवेलच्या सपाट बॉर्डरवर घ्या. आणि मोठा करताना पण अडचण येते हे कुणी सांगत नाही. ३० मिमीला माझी ४ घरांची पट्टी ६ मिमी होते, तेवढी सॅटिन टाक्यात, म्हणजे पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या टाक्यात, छान चमकते. तोच लोगो मोठ्या बाथ टॉवेलवर ६० मिमी केला की पट्टी १२ मिमी होते, एवढा लांब टाका सैल पडतो, नखात अंगठीत अडकून ओढला जातो. तिथे सॅटिन सोडून फिल टाका, म्हणजे लहान लहान टाक्यांच्या ओळींनी भरलेला, घ्यावा लागतो. म्हणून पंचिंगला एकच डीएसटी (भरतकाम मशीनची) फाइल करून ती मशीनवर लहानमोठी करू नका, प्रत्येक मापाचं पंचिंग वेगळं करून घ्या, थोडे पैसे जास्त जातील पण माल परत येणार नाही.

चादरीत किंवा जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, लोगो विणून घ्यायचा असेल तर तक्रार वेगळी येते: "गोल होता, अंडं झालं." याचं कारण फाइलमध्ये नसतं, विणीत असतं. जॅकार्डचं काम मुळातच ग्रिडचं आहे, लियॉनच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास जे यंत्र आणलं त्यात पुठ्ठ्यावरचं एक भोक म्हणजे उभा धागा उचलायचा की नाही एवढंच सांगणारं एक घर, आणि आज पुठ्ठे जाऊन इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले तरी घर तेच राहिलं. पण विणीतलं घर चौकोनी असेलच असं नाही. समजा इंचाला उभे धागे ४० आणि आडवे ३०. तुम्ही साध्या ग्राफवर ४० बाय ४० घरांचा गोल काढला तर तो रुंदीला १ इंच होणार आणि उंचीला ४० भागिले ३०, म्हणजे १.३३ इंच. अंडं झालंच. साध्या ग्राफवर आकार आधीच ४ ला ३ च्या प्रमाणात काढायचा, म्हणजे गोल ४० घरं रुंद आणि ३० घरं उंच काढायचा, कागदावर तो चपटा दिसतो, कापडावर गोल येतो. आपल्याकडचे जुने ग्राफवाले हे झोपेतसुद्धा करतील, अडचण होते ती आपण डिझाईनवाले परस्पर जेपीजी पाठवून देतो तेव्हा. लूमवाल्याला आधी फोन करून इंचाला उभे किती आणि आडवे किती एवढं विचारा. आणि तिरप्या रेघा, बारीक वळणं जॅकार्डवर पायऱ्या पायऱ्यांची होतात, जाड सुताच्या चादरीवर तर लांबून पण दिसतात, त्यामुळे उभं-आडवं आणि ४५ अंश यावर जेवढं भागेल तेवढं भागवा.

इथे गोलांचा विषय आला म्हणून बोलते. लोगोवर सोनेरी गुणोत्तराचे (साधारण १ ला १.६१८ प्रमाणाचे) गोल टाकलेली चित्रं बघून बऱ्याच नवीन मुलांना वाटतं की गोल टाकले म्हणजे भूमिती झाली. ट्विटरचा २०१२ चा पक्षी खरंच एकमेकांवर बसवलेल्या गोलांतून काढला होता, पण तिथे गोल ठरवतात की पंखाचं वळण कुठून कुठे जाणार, गोल काढून टाकला तर वळणच राहत नाही. तुमच्या लोगोवरचे गोल काढून टाकले आणि काहीच बदललं नाही, तर ते गोल नुसते सजावटीचे आहेत, काढूनच टाका. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर स्टेट बँकेचं चिन्ह बघा, १९७१ साली एनआयडीच्या (अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेच्या) शेखर कामत यांनी केलेलं, एक गोल, मध्ये लहान गोल आणि खाली एक सरळ चीर. पासबुकावर बघा, इमारतीवरच्या पाटीवर बघा, मोबाइलच्या चौकटीत बघा, कुठेच गडबड नाही, कारण त्यात बुजण्यासारखी बारीक फटच नाही. किंवा २०१० साली स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह घ्या, डी. उदय कुमार यांचं, नाण्यावर पण येतं आणि कीबोर्डच्या बटणावर पण.

आता नावाचा भाग, आणि आपल्या देवनागरीला यात जास्तीची काळजी लागते. इंग्रजी कॅपिटल अक्षराला वर-खाली फारसं काही नसतं, आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, जोडाक्षराचा पाय. त्यामुळे १० मिमी उंचीच्या जागेत इंग्रजी कॅपिटल अक्षर पूर्ण १० मिमीचं बसेल, मराठी अक्षराचं अंग ५-६ मिमीच राहतं, बाकी जागा मात्रा खातात. भरतकामात पहिल्यांदा बुजतात ती श्री, क्ष, ष्ट अशी अक्षरं, कारण त्यांच्या पोटातली जागा आधीच कमी. मी कापडावर भरायच्या नावात अक्षराचं अंग ७-८ मिमीच्या खाली जाऊ देत नाही, आणि शिरोरेषा चिन्हातल्या फटीएवढी म्हणजे २ घरं धरते, म्हणजे चिन्ह आणि नाव एकाच कुटुंबातले वाटतात. त्याच्यापेक्षा लहान जागा असेल तर नाव काढून टाकायचं, नुसतं चिन्ह. क्लायंट याला तयार होत नाहीत हे मला माहीत आहे, "नावाशिवाय कसं ओळखणार" म्हणतात, तेव्हा बुजलेल्या नावाचा नमुना समोर ठेवायचा आणि वाचायला सांगायचं.

काचेवर रेडियम (चिकटणारी रंगीत फिल्म) कापून लावताना मराठी नावाचा अजून एक त्रास होतो, नवी पेठेतल्या एका दुकानाच्या दारावर मी तो डोळ्यांनी बघितला. फाइल बरोबर होती, कर्व्ह पण केली होती (म्हणजे अक्षरांचे फॉन्टवर न अवलंबणारे आकार केले होते), पण प्लॉटरने, म्हणजे कापणाऱ्या मशीनने, प्रत्येक अक्षर वेगळं कापलं. मराठीत शिरोरेषा जुळावी म्हणून फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांवर जराशी चढलेली असतात, स्क्रीनवर ते काळ्यावर काळं म्हणून दिसत नाही, पण ब्लेड प्रत्येक कडेवरून फिरतं, त्यामुळे प्रत्येक जोडावर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा सुटा झाला आणि कारागीर जादाचं रेडियम सोलायला लागला तेव्हा ते दाणे बरोबर निघून आले. शिरोरेषा ठिकठिकाणी कुरतडल्यासारखी. उपाय एका क्लिकचा आहे, कर्व्ह केल्यावर सगळं निवडून कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. मग आउटलाइन मोडमध्ये जाऊन बघा, शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ राहिली नाही ना. आणि कर्व्ह न करता फाइल कधीच देऊ नका, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधलं नाव दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की भलतीच इंग्रजी अक्षरं येतात, आणि गडबडीत ती तशीच छापली पण जातात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत लोगो कापला जातो ही तक्रार तर आठवड्याला एक. चौकोनी चित्र गोलात बसवलं की चारी कोपरे मिळून साडेएकवीस टक्के भाग जातो. गोलात पूर्ण बसणाऱ्या चौकोनाची बाजू गोलाच्या व्यासाच्या साधारण ७१ टक्के असते, म्हणून चिन्ह ७० टक्क्यांत ठेवा, बाकी रिकामं. लोक ही रिकामी जागा वाया गेली समजून लोगो ताणून मोठा करतात आणि मग कोपरे जातात.

आणि एकदम लहान मापाचा प्रश्न, ब्राउझरच्या टॅबमधलं चित्र १६ बाय १६ पिक्सेलचं असतं. माझा २० घरांचा लोगो १६ पिक्सेलमध्ये कोंबला तर एक घर ०.८ पिक्सेल होतं, कडा पिक्सेलच्या मध्येच पडतात आणि सगळं धुरकट दिसतं. अशा वेळी तोच लोगो लहान करत बसू नका, त्याच नियमाने त्याचं धाकटं भावंड काढा. मी तीन पट्ट्यांच्या दोन केल्या: कडेला २ घरं, पट्टी ४, अंतर ४, पट्टी ४, परत कडेला २, झाली बरोबर १६. फट तीच २ घरं. एक घर म्हणजे एक पिक्सेल, आणि गंमत म्हणजे ४ बाय ६ चे चारच तुकडे उरले, भिंगरीसारखे एकाभोवती एक फिरलेले, तरी बघणाऱ्याला वीणच वाटते. मालकांना मी दोन्ही शेजारी ठेवून दाखवले तर ते म्हणाले, "हे तर आपलंच की, फक्त लहान झालंय." लोगो जमला की नाही याची माझ्या मते हीच खरी परीक्षा आहे, की दोन पट्ट्या कमी करूनसुद्धा तो आपलाच वाटला पाहिजे.

बिलाच्या थर्मल मशीनला पण पिक्सेलसारखंच घर असतं. बऱ्याच मशीन २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके), म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. १० मिमीच्या चिन्हाला ८० ठिपके मिळतात, २० घरांना वाटले तर घराला ४, पूर्ण आकडा आला म्हणून कडा साफ. तिथे राखाडी रंग नाही, ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) तर नाहीच, सगळं ठिपक्या ठिपक्यांचं होतं. म्हणून मी लोगो आधी पूर्ण काळ्यात पास करून घेते, काळ्यात जमला तरच रंगाचं बोलणं. रंग निवडताना पण स्क्रीनवर बोट ठेवून "हा निळा" म्हणू नका, दोऱ्याच्या शेड कार्डवरून नंबर घ्या, कारण स्क्रीनवरचे काही झगझगीत निळे-हिरवे ना दोऱ्यात मिळतात ना छपाईत.

ग्रिडवर सगळं बरोबर असूनही डोळ्याला चुकीचं दिसणं, हा शेवटचा प्रकार, आणि इथे ग्रिडचं ऐकायचं नाही. शेंगा चटणीच्या एका लेबलसाठी मी चौकोनाशेजारी गोल ठेवला होता, दोन्ही बरोबर २४ घरं उंच, तरी गोल लहानच दिसत होता. डोळ्याला तसंच दिसतं, गोल वर-खाली फक्त एका बिंदूत टेकतो. त्याला २-३ टक्के मोठा करा, बरोबर दिसेल. आडवी रेघ त्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते, आपल्या शिरोरेषेत हे पटकन दिसतं, ती जराशी बारीक घ्या. त्रिकोण गोलाच्या मध्यावर चौकटीच्या हिशोबाने ठेवला तर एका बाजूला सरकल्यासारखा दिसतो, त्याचा गुरुत्वमध्य पायापासून उंचीच्या एक तृतीयांशावर असतो, तो मध्यावर आणा. आणि गडद निळ्या युनिफॉर्मवर पांढऱ्या दोऱ्यात लोगो भरला की पट्ट्या फुगलेल्या वाटतात, म्हणून गडद कापडासाठी मी वेगळी फाइल करते, त्यात पट्टी थोडी बारीक आणि फट थोडी जास्त. नुसते रंग उलटे करून काम भागत नाही.

फाइल देताना फोल्डरमध्ये एवढं तरी असू द्या: मोठ्या मापाचं चिन्ह, लहान मापाचं चिन्ह, गडद कापडाचं, नावासकट एक, सगळं कर्व्ह आणि वेल्ड केलेलं, पीडीएफ आणि एसव्हीजीमध्ये. त्याबरोबर एक कागद, ज्यावर ग्राफ छापलेला आहे आणि खाली मराठीत लिहिलंय की अमुक मिमीच्या खाली कोणतं चिन्ह वापरायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून लोगो पाठवू नका, तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नमुना हातात आला की आधी त्याच्याजवळ स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढा. फट मोजा. फाइलमध्ये २ घरं आहे आणि कापडावर १ घराएवढीच उरली असेल तर दोरा किंवा शाई किती पसरते ते तुम्हाला तिथेच कळलं, तेवढी फट फाइलमध्ये वाढवा आणि दुसरा नमुना मागवा. नमुना एकदा धुऊन, वाळवून परत मोजा. टॉवेलवाल्यांच्या वेळेला पहिल्या धुण्यानंतर फट ३ मिमीची सव्वादोन झाली होती, तेवढी आम्हाला चालणार होती, म्हणून मग लॉट सोडला.